चार जीन्स, मर्यादा दोनची

गेल्या पर्युषणात आमच्या घरी एक छोटासा ठराव झाला. नित्याच्या चौदा नियमांमध्ये वस्त्राचाही एक नियम आहे, हे आपण सारे जाणतो. सकाळी पच्चक्खाण घेताना आज इतकी वस्त्रे, असे म्हणून आपण मोकळे होतो. मात्र कपाटात एकंदर किती वस्त्रे पडून आहेत, हा प्रश्न सहसा कोणी स्वतःला विचारत नाही, आणि कापडाचा व्यापारी तर मुळीच नाही. आमच्या धाकट्या कन्येने तो विचारला, आणि तोही जेवणाच्या वेळी सर्वांसमक्ष. मग प्रत्येकाने आपल्या एकेका प्रकारच्या कपड्याला संख्येची मर्यादा घालून घ्यावी असे ठरले. सौभाग्यवतींनी साड्यांना मर्यादा घातली. तो आकडा येथे छापण्याची मला परवानगी नाही. माझ्या वाट्याला जीन्स आल्या. माझ्याजवळ चार होत्या. मर्यादा दोनची ठरली.

पन्नाशीला टेकलेल्या, दुसरबीडसारख्या गावी गादीवर बसून कापड विकणाऱ्या गृहस्थाला जीन्सचे एवढे प्रेम कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, हे प्रेम जीन्सचे थोडे आणि कोऱ्या कापडाचे अधिक आहे. बाजारात आज ज्या जीन्स मिळतात त्या बहुतेक कारखान्यातच धुतलेल्या, घासलेल्या, कधी मुद्दाम फाडलेल्या असतात. म्हणजे न जगलेले आयुष्य त्यांच्यावर आधीच लिहिलेले असते. माझ्या चारही जीन्स कोऱ्या डेनिमच्या. मागावरून उतरलेले, खळ तशीच असलेले, गडद निळे, पुठ्ठ्यासारखे ताठ कापड. पहिल्या दिवशी ती नेसून जिना चढताना गुडघे वाकत नाहीत.

हे कापड विटते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. डेनिमचे उभे धागे निळीत रंगवतात आणि आडवे धागे पांढरेच ठेवतात. निळीच्या द्रावणात बुडवून काढलेला धागा प्रथम हिरवट-पिवळा दिसतो. हवा लागली की तो निळा होतो. असे अनेक वेळा करूनही रंग धाग्याच्या वरवरच बसतो, गाभा पांढरा राहतो. म्हणून जेथे घर्षण होते तेथे निळाई झिजते आणि आतला पांढरा बाहेर येतो. नेसणारा कसा बसतो, कसा चालतो, खिशात काय ठेवतो, याची नोंद कापडावर आपोआप पडत जाते. आपल्या भाषेत सांगायचे तर हा त्या माणसाचा रोजमेळच.

आणि ही वस्तू परकी आहे असेही मानण्याचे कारण नाही. मुंबईच्या डोंगरी भागातून विलायतेला जाणाऱ्या जाड्याभरड्या निळ्या कापडावरूनच इंग्रजीत ‘डंगरी’ हा शब्द रूढ झाला. डेनिमचे नाव फ्रान्समधील नीम शहरावरून पडले असे म्हणतात. जीन्सच्या पँटची कथा तर आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटावी. अमेरिकेत नेवाडा प्रांतातील रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. मजुरांच्या पँटचे खिसे कोपऱ्यात उसवतात म्हणून त्याने तेथे तांब्याचे रिव्हेट ठोकले. पेटंट घेण्याइतके भांडवल त्याच्याजवळ नव्हते. तेव्हा ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून तो कापड घेत असे, त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लिव्हाय स्ट्रॉस यांना त्याने पत्र लिहून भागीदारी सुचवली. २० मे १८७३ रोजी पेटंट मंजूर झाले. शिंपी आणि कापड दुकानदार यांच्या उधारी-उसनवारीच्या नात्यातून केवढे उभे राहू शकते, हे मला त्या कथेत नेहमी दिसते. आमच्या दुकानाच्या ओट्यावर तेच नाते होते.

माझी पहिली जीन्स त्या ओट्यावर शिवली गेली. अहमदाबादच्या लालभाई घराण्याविषयी आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. शेठ कस्तुरभाई अनेक दशके आणंदजी कल्याणजी पेढीचे अध्यक्ष होते. या घराण्याने १९३१ साली स्थापलेल्या अरविंद मिलने पुढे डेनिममध्ये जगात नाव काढले. तयार जीन्स त्या वेळी खेड्यातल्या माणसाला परवडत नसत. १९९५ च्या सुमारास या मिलने ‘रफ अँड टफ’ नावाने एक युक्ती काढली: डेनिमचे कापड, झिप, रिव्हेट आणि मागे लावायची पट्टी, असे सारे एका पाकिटात घालून दोनशे रुपयांच्या आत विकायचे, आणि शिवणकाम गावच्या शिंप्याने करायचे. हजारो शिंप्यांपर्यंत ही पाकिटे पोहोचली. व्यवस्थापनशास्त्रातले नामवंत सी. के. प्रल्हाद यांनी पुढे आपल्या लेखनात या प्रयोगाचा दाखला दिला. आम्हाला त्याचे शास्त्र ठाऊक नव्हते. आमच्या बाबूजींनी जालन्याहून थोडी पाकिटे आणली आणि त्यातले एक मला दिले, कारण नवा माल आधी घरच्या माणसाने वापरून पाहावा असा त्यांचा दंडक होता.

ओट्यावर बसणाऱ्या मास्तरांनी ते कापड आधी रात्रभर पाण्यात घालायला सांगितले. “छोटे शेठ, कोरं कापड बेतलं तर दोष माझ्यावर येईल,” ते म्हणाले. जाड कापडावर त्यांच्या पायमशीनची सुई दोनदा तुटली. रिव्हेट ठोकायला त्यांनी शेजारच्या लोहाराकडून हातोडी आणली. १९९६ साली, एकोणिसाव्या वर्षी, ती जीन्स नेसून मी सायकलवर कॉलेजच्या गाडीपर्यंत गेलो. तिच्यावरच्या खुणा सायकलच्या आहेत: मांडीच्या आतल्या बाजूला सीटच्या घर्षणाने पडलेले पांढुरके पट्टे, उजव्या मोहरीवर चेनच्या तेलाचा न गेलेला डाग. कमर अठ्ठावीस. आज ती माझ्या मांडीपर्यंतही चढत नाही.

दुसरी जीन्स आतेभावाने अमेरिकेतून आणली: लिव्हाय्सची ५०१, कोरी, न आटवलेली. आज बहुतेक कापड गिरणीतच आटवून घेतात, त्याला सॅन्फराइज्ड म्हणतात. ही जीन्स तशी नाही. पहिल्याच पाण्यात ती सुमारे दहा टक्के आटते. म्हणून दोन नंबर मोठी घेऊन, भिजवून, थोडी ओलसर असतानाच नेसून वाळवायची अशी रीत आहे. मी ती अक्षरशः पाळली. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर उभ्या राहिलेल्या चिरंजीवांना पाहून मातोश्रींनी शेजारणीला काय सांगितले, ते मी ऐकले नाही असे मानतो.

ही जीन्स मी दहा वर्षे गादीवर बसून वापरली. आमची गादी पांढऱ्या चादरीची. पहिले चार-सहा महिने मी जेथे बसे तेथे निळा ठसा उमटे. आठवड्यात चादर तीनदा बदलावी लागली आणि बाबूजी त्या ठशाकडे बघून न बोलता चष्मा पुसत. पण त्याच बैठकीने त्या कापडाला जे रूप आले ते मला इतरत्र कोठे दिसले नाही. परदेशी चित्रांतल्या विटलेल्या जीन्सवर खुर्चीत बसणाऱ्याच्या रेषा असतात: पुढे मांड्यांवर मिशांसारख्या, गुडघ्यामागे पोळ्याच्या जाळीसारख्या. मागच्या खिशावर पाकिटाचा चौकोन. माझ्या जीन्सवर पाकिटाचा चौकोन नाही, कारण पैसे गल्ल्यात. मांडी घातल्यामुळे गुडघ्याची बाहेरची बाजू आणि घोट्याजवळची कड झिजली आहे, उजवीकडे किल्ल्यांच्या जुडग्याची खूण आहे, आणि डाव्या मांडीवर एक आडवा फिकट पट्टा आहे. कापड मोजून झाले की मी मीटरपट्टी तेथे टेकवतो, हे तो पट्टा दिसेपर्यंत मला स्वतःला माहीत नव्हते.

तिसरी जपानी. ओकायामा परगण्यातील कोजिमा हे गाव डेनिमसाठी प्रसिद्ध आहे. जुन्या धोट्याच्या मागांवर तेथे आजही अरुंद पन्ह्याचे कापड विणतात. पन्हा जेमतेम तीस इंच, म्हणून एका पँटला अडीच-तीन मीटर कापड लागते, पण काठ साडीसारखा दोन्ही बाजूंनी विणून पक्का झालेला असतो. मोहरी दुमडली की आतला लाल धाग्याचा काठ दिसतो. सोळा औंसांचे कापड. म्हणजे एका चौरस वाराचे वजन सोळा औंस, आपल्या शर्टाच्या कापडाच्या तिपटीहून अधिक. मुंबईत खरेदीला गेलो असता घेतली. किंमत सांगितली तर मर्यादेचा ठराव आणखी कडक होईल. घरी आणल्यावर मातोश्रींनी कमरेवरची चामड्याची पट्टी पाहिली आणि जीन्स उंबऱ्याबाहेर ठेवली. दुकानात शेकडो पट्ट्यांचे पट्टे विकणाऱ्या मला ते आधी सुचले नव्हते, याची आजही थोडी लाज वाटते. पट्टी मी स्वतः उसवली. तेथे आता मूळ गडद निळा आयत राहिला आहे. वास्तविक सारी जीन्सच जवळजवळ तशीच गडद आहे. एवढ्या जाड कापडात मांडी घालता येत नाही, म्हणून ती प्रवासापुरतीच वापरली गेली.

चौथी खादीची. खादी आयोगाच्या सहकार्याने गुजरातेत हातकताईच्या सुताचे, हातमागावरचे डेनिम विणले जाते. त्या कापडात सूत कोठे जाड, कोठे बारीक. बोट फिरवले की कातणाऱ्याचा हात जाणवतो. वैशाखात आमच्याकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो, तेव्हा हीच एक जीन्स अंगावर सहन होते. तिच्यावर रेषा उमटत नाहीत. ती सारखी, शांतपणे, आभाळासारखी फिकट होत जाते.

कोरे डेनिम वापरणारे शौकीन सहा-सहा महिने पाणी लावत नाहीत. विदर्भाच्या घामात ते शक्य नाही, आणि आमच्या घरात तर त्याहून नाही. मी मध्यम मार्ग काढला: रोज रात्री गच्चीवर उलटी करून वारा देणे, महिन्या-दोन महिन्यांनी गाळलेल्या गार पाण्यात एकदा बुडवणे. पाण्याचा हिशेब मात्र डोळे उघडणारा आहे. लिव्हाय स्ट्रॉस कंपनीने २०१५ मध्ये आपल्या एका जीन्सच्या आयुष्यभराचे पाणी मोजले, ते ३,७८१ लिटर भरले; त्यातले ६८ टक्के कापसाच्या शेतात आणि २३ टक्के आपल्या घरच्या धुण्यात. आमच्याकडचा कापूस बहुतांशी पावसावरचा, तेव्हा शेताचा आकडा येथे वेगळा निघेल. धुण्याचा आकडा मात्र ज्याच्या त्याच्या हातात आहे.

आता निवड. स्वतःच्या मोहावर माझा भरवसा नव्हता, म्हणून चारही जीन्स घेऊन मी मास्तरांकडे गेलो. तयार कपड्यांमुळे आणि आता डोळ्यांमुळे त्यांचे मशीन ओट्यावरून उठून बरीच वर्षे झाली. समृद्धी महामार्ग झाल्यापासून आमच्या जुन्या रस्त्यावरची वर्दळही ओसरली आहे. त्यांच्या दारात बसून बोलताना आवाज चढवावा लागत नाही. त्यांनी एकही जीन्स उजवीकडून पाहिली नाही. प्रत्येक उलटी केली आणि टीप बोटाने चाचपली.

जपानी जीन्सवर त्यांचा अंगठा बराच वेळ थांबला. “शेठ, ही टीप मला आली नसती.” मग म्हणाले, “पण हिला माणूस मिळाला नाही.” खादीच्या कापडाचे त्यांनी मन भरून कौतुक केले, शिलाईला नाक मुरडले. ५०१ चा डावा गुडघा विरून जाळीसारखा झालेला त्यांना स्पर्शानेच कळला. आपली स्वतःची जीन्स हातात आल्यावर ते हसले. “मागचा खिसा तिरपा आहे. तुमच्या बाबूजींना सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घाई होती.” तीस वर्षे मला तो खिसा तिरपा वाटला नव्हता; आता त्याशिवाय दुसरे काही दिसत नाही.

त्यांचा नातू जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात नोकरीला आहे, रोज मोटारसायकलने जातो. जपानी जीन्स त्याला दिली. कंबर बरोबर बसली. दिवाळीत भेटला तेव्हा गुडघ्यांवर पहिल्या रेषा उमटू लागल्या होत्या. खादीची आणि ५०१, या दोन राहिल्या.

प्रश्न उरला पहिलीचा. नेसता येत नाही, देववत नाही. मास्तरांनीच मार्ग सुचवला आणि नातसुनेकडून सुईत दोरा ओवून घेऊन स्वतः अमलातही आणला. तिची डावी पोटरी उसवून त्या कापडाचे ठिगळ त्यांनी ५०१ च्या गुडघ्याला आतून लावले, हाताने, बारीक टाक्यांनी. सारे काम होईपर्यंत मला समोर बसवून ठेवले. उरलेले कापड घडी करून परत दिले, पुढच्या ठिगळांसाठी.

ती घडी मी कपाटाच्या तळाशी ठेवली. दोन दिवसांनी कन्येला सापडली. दोन जीन्स आणि एक पाऊण जीन्स मिळून किती होतात, असे तिने विचारले आहे. उत्तर देण्यास मी संवत्सरीपर्यंत मुदत मागितली आहे.