बोर अभयारण्य

बोर अभयारण्य : महाराष्ट्र राज्याच्या वर्धा जिल्ह्यातील एक वन्यजीव अभयारण्य व व्याघ्र प्रकल्प. ते जिल्ह्याच्या उत्तर भागात, बोर नदीवरील धरणाच्या जलाशयाभोवतालच्या टेकड्यांवर पसरले असून त्याचा काही भाग नागपूर जिल्ह्यात मोडतो. १९७० मध्ये अभयारण्य घोषित झाले, तेव्हा त्याचे क्षेत्रफळ ६१.१० चौ. किमी. होते. पुढे लगतचे वनक्षेत्र त्यास जोडण्यात आले व २०१४ मध्ये १३८.१२ चौ. किमी. क्षेत्रास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धाम नदीकाठच्या विनोबा भावे यांच्या आश्रमामुळे प्रसिद्ध असलेले पवनार वर्धा–नागपूर मार्गावर असून, तेथून सेलू व हिंगणी या गावांवरून अभयारण्यास जाता येते.

येथील वन शुष्क पानझडी प्रकारचे आहे. साग, ऐन, तेंदू, मोह, पळस व बांबू या त्यातील प्रमुख वनस्पती होत. वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्रा, सांबर, चितळ, रोही, भेकर, चौसिंगा, रानडुक्कर व वानर हे प्राणी येथे आढळतात. जलाशयावर पाणपक्षी येतात.

या वनातील वसंत हा हिरवाईचा काळ नव्हे. माघ-फाल्गुनात बहुतेक झाडे पाने गाळतात, गवत वाळते व नाले आटू लागतात. नेमक्या याच काळात काटेसावर, पळस व मोह फुलतात. निष्पर्ण फांद्यांवरील पळसाची केशरी फुले दुरूनही दिसतात. त्यांस गंध नसतो, परंतु मधुरस विपुल असल्याने शिंजीर, मैना, बुलबुल इ. पक्षी त्यांकडे आकृष्ट होतात व परागण घडून येते. काटेसावरीची गळलेली मांसल फुले चितळ खातात. अशा रीतीने चारा दुर्मिळ असताना हा बहर प्राण्यांच्या उपयोगी पडतो.

मोहाची रसाळ फुले रात्री उमलून पहाटे गळतात. अस्वल, चितळ इ. प्राणी ती आवडीने खातात. गावकरीही पहाटेच ती वेचतात व वाळवून खाण्यासाठी वा विक्रीसाठी ठेवतात. एकाच झाडाखाली माणूस व वन्य प्राणी समोरासमोर येण्याचा धोका त्यामुळे असतो. फुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची प्रथा विदर्भात अनेक ठिकाणी आढळते. वणव्याचे ते एक कारण असून त्यात रोपे, गवत व जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी नष्ट होतात. गावकऱ्यांचे उत्पन्न न बुडविता ही आग टाळणे, हा येथील संरक्षणाचा महत्त्वाचा प्रश्न आहे.

हे क्षेत्र लहान असले, तरी पेंच, ताडोबा व मेळघाट या वनांदरम्यान त्याचे स्थान मोक्याचे आहे. तरुण वाघांना स्वतःच्या क्षेत्राच्या शोधात दूरवर जावे लागते. त्यासाठी सलग वनपट्टे, झुडपी जंगले व नाल्यांकाठची झाडी टिकणे आवश्यक असते. रस्ते व शेतीच्या विस्तारामुळे हे मार्ग खंडित झाल्यास छोट्या वनातील वाघ एकाकी पडतात व त्यांच्यात आनुवंशिक विविधता घटते.

पळसाचा बहर पाहण्यास फेब्रुवारी व मार्च हे महिने सोयीचे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळा तीव्र असतो, तथापि पाणवठ्यांवर प्राणी दिसण्याची शक्यता अधिक असते. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील पर्यटन सामान्यतः बंद ठेवले जाते. प्रवेश वन विभागाच्या परवानगीनेच मिळतो. फुले तोडणे, वाहनातून उतरणे व विस्तव पेटविणे वर्ज्य आहे.