ओसरीचा मधला खांब



इतवारीतील जुन्या घरांच्या ओसऱ्या आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. कोठे तेथे कापडाचे दुकान थाटले आहे, कोठे दुचाकी ठेवावयाची आहे. अशा वेळी घरधन्याच्या डोळ्यांत प्रथम सलतो तो मधला खांब. "हा एक काढला तर काय बिघडणार?" असे तो सुतारास विचारतो. खांब निघतो, छप्पर काही त्या दिवशी कोसळत नाही, आणि आपलेच खरे ठरले असे त्यास वाटते.

ओसरीस सहा-सहा फुटांवर तीन खांब आहेत अशी कल्पना करा. त्यांवर तुळई, जिला आपल्याकडे मयाल म्हणतात. तिच्यावर वासे आणि वाशांवर कवेलू. तिन्ही खांब सारखाच भार वाहतात हा समज चुकीचा आहे. दोन्ही गाळ्यांचा अर्धा-अर्धा भार मधल्या खांबाकडे येतो, म्हणजे एकंदर भाराचा निम्मा तो एकटा उचलतो. कडेच्या खांबांकडे चौथा-चौथा हिस्सा राहतो. जो नकोसा झाला, तोच सर्वांत कष्टाळू!

पुष्कळ ठिकाणी तुळई दोन तुकड्यांची असते, आणि सांधा नेमका याच खांबाच्या हस्तावर असतो. खालून तो दिसतही नाही. खांब काढला की दोन्ही तुकडे अधांतरी. समजा, तुळई अखंड आहे. तरी गाळा दुप्पट होताच तिला वाकविणारा जोर चौपट होतो, आणि झोल तर सोळापटीहूनही अधिक. सागवान हळूहळू वाकते, म्हणून वैशाखात काही कळत नाही. पुढे पावसाळ्यात कवेलू पाणी पिऊन जड होतात, खालची काळी जमीन फुगते, आणि कवेलूंची ओळ मध्यावर खचलेली दिसते.

काहीजण कवेलू उतरवून पत्रे घालतात. भार हलका होतो हे खरे; परंतु वादळी वारा खालून शिरला की पत्रे वर उचलले जातात, आणि तेव्हा छपरास धरून ठेवण्याचे कामही खांबच करीत असतो.

खांब काढूच नये असे माझे म्हणणे नाही. स्थापत्य अभियंत्याकडून माप ठरवून पोलादी तुळई आणावी. खांबाच्या दोन्ही बाजूंस रुंद फळ्यांवर टेकू द्यावेत, पाचरी हलक्या हाताने ठोकून भार टेकूंवर घ्यावा, नवी तुळई बसवावी, आणि मगच खांबास हात लावावा. कडेच्या खांबांवर आता दुप्पट भार येणार. त्यांचे बूड वाळवीने पोखरले आहे की काय, हे सुरीचे टोक खुपसून पाहावे. इतवारीत घराला घर लागून असते. तुळईचे टोक सामाईक भिंतीत शिरलेले असेल, तर शेजाऱ्यास आधी सांगावे. त्याच्या ओसरीतही मुले निजत असतात.

टेकू काढण्यापूर्वी तुळईखाली दोरी ताणून मधले अंतर मोजून ठेवावे. आठ दिवसांनी पुन्हा मोजावे. अंतर घटत चालले असेल, तर टेकू त्याच दिवशी परत लावावेत आणि अभियंत्यास बोलवावे.