खाशाबांचं पदक कुणाचं?

हेलसिंकी, १९५२. फ्रीस्टाइल कुस्ती, बँटमवेट गट, ब्राँझ: स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तिथवर पोचले ते लोकवर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले होते.

खाशाबा १९८४ मध्ये अपघातात गेले. जुलै २०१७ मध्ये त्यांच्या चिरंजीवांनी पदक लिलावात काढण्याचा इशारा दिला. कारण? सरकारनं २००९ मध्ये गोळेश्वरला जाहीर केलेली कुस्ती अकादमी उभीच राहिली नव्हती. याला विक्री कसली म्हणायची, हा थकबाकीचा तगादा होता!

कायदा आड येत नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा साधारणपणे शंभर वर्षं जुन्या वस्तूंना लागतो. हे पदक त्या वयाचं होणार २०५२ मध्ये. तोवर वारस मोकळे. मग वर्गणीदारांचा हक्क कुठल्या वहीत मांडायचा?

परदेशातही पदकं विकली गेली आहेत. धावपटू जेसी ओवेन्सनं १९३६ च्या ऑलिंपिकमधलं एक सुवर्णपदक नर्तक बिल रॉबिन्सनला देऊन टाकलं होतं. २०१३ मध्ये त्या पदकाला सुमारे १४ लाख ६६ हजार डॉलर आले. विकणारे रॉबिन्सनच्या पत्नीचे वारस.

आपल्याकडं बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसरबीडसारख्या गावात एवढा आकडा कशाला असतो? पहिलवानाच्या घरात असते ती कुस्तीच्या दंगलीत मारलेली चांदीची गदा. पहिलवानामागं ती मोडीत निघालीच, तर सराफ लाकडावरचा पत्रा सोलतो, काट्यावर टाकतो. कोरलेलं नावही त्याच वजनात जातं.