ओत्जिवारोंगो : कुडू, काटे आणि कुंपणं

ओत्जिवारोंगोला गाव पाहायला म्हणून कुणी येत नाही. नामिबियाची राजधानी विंडहुक सोडून उत्तरेकडं निघालेला महामार्ग सुमारे अडीचशे किलोमीटरवर या गावातून जातो. एटोशा राष्ट्रीय उद्यानाकडं निघालेले पर्यटक इथं पेट्रोल भरतात, पाणी आणि बिल्टाँग (म्हणजे मीठमसाला लावून वाळवलेलं मांस) विकत घेतात आणि पुढं जातात. मे ते ऑगस्ट या कोरड्या थंडीत मात्र एक वेगळा पाहुणा इथं दिसू लागतो. अंगात मळखाऊ हिरवे कपडे, गाडीत रायफलची लांबट कुलूपबंद पेटी, बोलणं बहुधा जर्मन नाहीतर अमेरिकन वळणाचं. आजूबाजूच्या हजारो हेक्टरांच्या खासगी फार्मांपैकी एकावर त्याचा आठवडाभराचा मुक्काम आणि शिकार आधीच ठरलेली असते. हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटी एक ओळ असते : वेळ उरल्यास स्थलदर्शन.

शिकारीचं मोल डॉलरांत किंवा युरोंत आधीच ठरलेलं असतं. ही शेवटची ओळ मात्र जवळजवळ फुकटात पदरात पडते, आणि या मुलखाचं खरं प्रकरण तिच्यातच दडलेलं आहे.

शिकार म्हटलं की आपल्याला मचाण, हाकारा आणि वाघावर पाय ठेवून उभे असलेले संस्थानिक आठवतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडचा तो खेळ मोडला. इथली रीत मुळातच निराळी. पहिल्या दिवशी जनावर नाही, तर कागदी निशाणावर बार टाकायचे. विमानाच्या प्रवासात रायफलवरची दुर्बीण हलली तर नाही ना, हे पाहण्यासाठी. आणि खरं सांगायचं तर पाहुण्याचा हात किती स्थिर आहे हे यजमानाला कळावं म्हणूनही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघायचं. पुढं मागकरी, त्याच्या मागं परवानाधारक शिकारी मार्गदर्शक, आणि त्याच्या मागं पैसे मोजलेला पाहुणा. मार्गदर्शकाशिवाय परदेशी माणसाला इथं शिकार करता येत नाही. कुठल्या जनावरासाठी किती ताकदीची गोळी हवी, तेही कायद्यात लिहिलेलं आहे.

या भागातलं मानाचं सावज म्हणजे कुडू. अंगानं आपल्या नीलगाईच्या तोडीचा, करड्या रंगाचा, पाठीवरून उतरणाऱ्या बारीक पांढऱ्या रेघांचा, आणि पिळदार शिंगांचा. काटेरी झुडपात तो नुसता उभा राहिला तरी दिसेनासा होतो. मागकऱ्याला तो कानाच्या एका हालचालीवरून सापडतो. मग वाऱ्याची दिशा बघत, कधी वाकून, कधी बसून, तासन् तास चालणं. तीन पायांची लाकडी टेकण उभी राहते, तिच्यावर रायफल टेकते, आणि बार. जनावर जखमी होऊन निसटलं आणि रक्ताचा थेंब सापडला, तर ते मारलंच असं धरून पूर्ण पैसे वसूल होतात. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. हलक्या हाताच्या माणसाला तो घोडा ओढण्याआधी दोनदा विचार करायला लावतो.

पाहुणा शिंगं आणि कातडं नेतो, तेही कागदपत्रांची लांबलचक रांग पार करून. मांस इथंच राहतं. फार्मचं स्वयंपाकघर, कामगारांची घरं, गावातला खाटीक अशी त्याची वाटणी होते. संध्याकाळी निखाऱ्यांवर त्याच कुडूचे तुकडे भाजले जात असतात. फोटो मात्र पाहुण्याचा आणि शिंगांचा असतो. ज्याच्या डोळ्यांनी जनावर सापडलं तो दामारा, हेरेरो किंवा सान जमातीतला मागकरी बहुतेक वेळा चौकटीबाहेरच राहतो.

या धंद्याचं मूळ एका कायद्यात आहे. पूर्वी इथले गोरे शेतकरी हरणांकडं गाईंचा चारा खाणारी पीडा म्हणून बघत. १९६० आणि ७०च्या दशकांत कायदा बदलला आणि नीट कुंपण घातलेल्या जमिनीवरच्या शिकारयोग्य प्राण्यांवर जमीनमालकाला हक्क मिळाला. कालचा उपद्रवी कुडू एका रात्रीत मालमत्ता झाला. फार्मांवर हरणं वाढू लागली, काहींनी तर गाई कमी करून कुडू आणि ओरिक्स राखले. देश १९९० साली स्वतंत्र झाला आणि १९९६च्या दुरुस्तीनं हाच हक्क सामूहिक जमिनींवरच्या गावकऱ्यांच्या संस्थांनाही मिळाला. आज अशा ८६ संस्था आहेत आणि देशाचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्या देखरेखीखाली आहे. केनियानं १९७७ साली शिकारीवर सरसकट बंदी घातली. नामिबियानं नेमकी उलटी वाट धरली. २०१४ साली एका म्हाताऱ्या काळ्या गेंड्याच्या शिकारीचा परवाना अमेरिकेत लिलावात साडेतीन लाख डॉलरना विकला गेला, तेव्हा जगभर काहूर उठलं. परवान्याचा पैसा गेंड्यांच्या संरक्षणाला जाईल, असं सरकारचं म्हणणं होतं. हा हिशेब मला पटतो. तरी तो मांडणाऱ्याच्या शेजारी बसून जेवताना घास जरा अडखळतो, हेही खरं.

गावाच्या पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर या हिशेबाचं सगळ्यांत अवघड उदाहरण पाहायला मिळतं. चित्ता राखणाऱ्या संस्थेचं केंद्र तिथं आहे. लॉरी मार्कर या अमेरिकन संशोधक बाईंनी ही संस्था १९९० साली सुरू केली. त्या काळी वासरं आणि शेळ्या मारतो म्हणून शेतकरी चित्त्याला दिसेल तिथं गोळी घालत किंवा सापळ्यात पकडत. बाईंनी त्यांना नीतीचा उपदेश केला नाही; कुत्री दिली. तुर्कस्तानातल्या मेंढपाळांची धिप्पाड कंगाल आणि अनातोलियन जातीची ही कुत्री कळपातच वाढतात आणि चित्ता दिसताच अशी भुंकतात की तो वाट बदलतो. चित्ता हा भांडखोर प्राणी नाही. पाय दुखावला तर उपाशी मरू, हे त्याला कळतं. केंद्राचा आणखी एक उद्योग म्हणजे काटेरी झुडपं तोडून त्यांच्या जळणाच्या विटा करणं. गुरं फार चरल्यामुळं या मुलखातली गवताळ रानं झुडपांनी गिळली आहेत. त्यांत आपल्याकडचीच दुरंगी बाभूळही भरपूर आहे. मोकळं रान नसलं तर चित्त्याला धावता येत नाही, म्हणून झुडपं काढायची आणि जळण विकायचं.

सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोला आलेले पहिले आठ चित्ते इथूनच निघाले होते. पाच माद्या, तीन नर. विंडहुकहून उडालेलं विमान १७ तारखेच्या सकाळी ग्वाल्हेरला उतरलं तेव्हा दूरचित्रवाणीवर सोहळा चालू होता. पण आफ्रिकेच्या चित्त्यानं हिंदुस्थानची माती पाहण्याची ती पहिली वेळ नव्हती. कोल्हापूरच्या छत्रपतींकडं काळविटांच्या शिकारीसाठी शिकवलेले चित्ते असत. देशातला चित्ता दुर्मीळ झाल्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते आफ्रिकेहून मागवले जात. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा आणि काळवीट दिसलं की टोपी काढायची, हे चित्तेवानांचं कसब कोल्हापुरात पिढीजात होतं. आपला चित्ता संपला आणि १९५२ साली तो देशातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. मग शिकारीच्या पैशावर वन्यजीव राखणाऱ्या एका देशाकडं आपण तो मागायला गेलो.

केंद्राच्या अंगणातून क्षितिजावर एक लाल भिंत दिसते. तो वॉटरबर्ग. काटेरी सपाटीतून सुमारे दोनशे मीटर सरळ उठलेलं, पन्नासेक किलोमीटर लांब वालुकाश्माचं पठार. माथ्यावर पडलेलं पाणी सच्छिद्र दगडातून झिरपतं, खालच्या घट्ट थरावर अडतं आणि कड्याच्या पायथ्याशी झरे होऊन बाहेर येतं. त्यामुळं कोरड्या मुलखाच्या मधोमध इथं उंबराच्या जातीची दाट झाडं आणि हिरवा गारवा. १९७२ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. आजूबाजूचे कडे हेच कुंपण, म्हणून काळे आणि पांढरे गेंडे, रोन आणि सेबल हरणं अशा दुर्मीळ प्राण्यांना वाढवायला ते सोयीचं ठरलं. कड्यावर चढायला पाऊण तास पुरतो. वाटेत बबून आणि सशासारखे दिसणारे हायरॅक्स भेटतात. खालच्या झुडपांत जेमतेम पाच किलोचा डिकडिक पावलापावलावर थबकून बघतो. इतकं इवलं हरीण बघून रायफलवाला पाहुणाही क्षणभर हसतो.

पण वॉटरबर्ग त्यासाठी ओळखला जात नाही. १९०४ साली जर्मन वसाहतीविरुद्ध उठलेले हेरेरो आपल्या बायकापोरांसह आणि गुराढोरांसह याच झऱ्यांभोवती जमले होते. संख्या हजारोंच्या घरात. ११ ऑगस्टला जनरल लोथार फॉन ट्रोथाच्या फौजांनी त्यांना तोफा आणि मशिनगन घेऊन वेढलं. आग्नेयेकडची बाजू कच्ची राहिली आणि लोक तिथून ओमाहेकेच्या वाळवंटात निसटले. जर्मनांनी त्यांच्या मागोमाग जाऊन पाणवठे रोखले. २ ऑक्टोबरला फॉन ट्रोथानं हुकूम काढला की जर्मन हद्दीत सापडणारा हेरेरो, हत्यारबंद असो वा नसो, गोळी घालण्यास पात्र. तहानेनं आणि गोळ्यांनी, आणि पुढं छळछावण्यांत, किती माणसं मेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत. सुमारे ऐंशी हजारांपैकी पासष्ट हजारांपर्यंत, असं बरेच इतिहासकार मानतात. वाचलेल्यांची जमीन आणि गुरं जप्त झाली. त्याच जमिनीचे तुकडे पाडून वसाहतवाल्यांना फार्म दिले गेले.

उद्यानातल्या विश्रामगृहात जेवायला बसलं की भिंती जुन्या जर्मन पोलीस ठाण्याच्या आहेत हे लक्षात येतं. जवळच दफनभूमी आहे. नीट राखलेल्या दगडांवर नावं जर्मन सैनिकांची. मेलेल्या हेरेरोंची नावं तिथं कोरलेली नाहीत. सकाळभर जनावराचा माग काढलेला पाहुणा दुपारी या दगडांपाशी उभा असतो. इथं एका फौजेनं आख्ख्या लोकांचा माग काढला होता हे त्याला कुणी सांगतं की नाही, ते मार्गदर्शकावर अवलंबून. जर्मनीनं २०२१ साली हा नरसंहार होता असं कबूल केलं आणि तीस वर्षांत एक अब्ज दहा कोटी युरोंच्या मदतीची तयारी दाखवली. आम्हाला न विचारता झालेला हा करार आहे, आणि ही भरपाई नव्हेच, असं हेरेरो आणि नामा या जमातींच्या अनेक नेत्यांचं म्हणणं आहे. २०२५ पासून नामिबिया २८ मे हा नरसंहार स्मृतिदिन पाळतो. आणि २०१८च्या सरकारी आकडेवारीनुसार व्यापारी शेतजमिनीपैकी सुमारे सत्तर टक्के जमीन अजून गोऱ्यांच्या मालकीची होती. शिकारीसाठी फाटक उघडून पाहुण्याचं आगतस्वागत होतं, ते याच जमिनीवर.

ओत्जिवारोंगो गाव त्याच काळाचं अपत्य. १९०६ साली ओतावीच्या तांब्याच्या खाणींकडं जाणारी अरुंद रेल्वे इथं पोचली आणि गाव वसलं. लोहमार्गाच्या कामावर कैद केलेले हेरेरो राबले होते. स्टेशनसमोर १९१२ साली जर्मनीत बांधलेलं छोटं वाफेचं इंजिन उभं करून ठेवलंय. मुलं त्यावर चढतात. दहा मिनिटांत बघून होतं. एटोशा उत्तरेला दोन-अडीच तासांवर, त्यावर आजवर पुरेसं लिहून झालंय. होबाची उल्का ग्रूटफोंटेन गावाजवळ. साठ टनांच्या आसपास वजनाचा लोखंडी ठोकळा, जिथं पडला तिथंच. शाळेतल्या मुलांना घेऊन जात असाल तर वाट वाकडी करावी.

त्याहून मोलाची जागा कालकफेल्ड गावाजवळच्या एका फार्मवर आहे. तिथल्या सपाट लाल खडकात डायनोसॉरच्या तीन बोटांच्या पावलांची ओळ उमटली आहे. वय सुमारे एकोणीस कोटी वर्षं. दगड वॉटरबर्गचाच, तेव्हाची ओली वाळू. कुडूच्या खुरांवरून जनावर किती वेळापूर्वी गेलं, चालत होतं की पळत, हे ओळखायला शिकलेल्या माणसाला इथं सवयीनंच खाली वाकावंसं वाटतं. पावलांमधलं अंतर पाहून चाल ओळखता येते. दोन पायांवर चालणारं, आणि घाईत नसलेलं.

शिकार न करणाऱ्यालाही या फार्मांवर राहता येतं. बरेच मालक दोन्ही प्रकारचे पाहुणे ठेवतात. मात्र बंदुकीचे आवाज नको असतील तर खोली घेतानाच विचारून घ्यावं. मुंबईहून विंडहुकला थेट विमान नाही, अदिस अबाबा किंवा जोहान्सबर्गमार्गे जावं लागतं. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, रस्ते उत्तम. जून-जुलैच्या पहाटे पारा शून्याजवळ येतो, तेव्हा स्वेटर हवाच. शाकाहाऱ्यांची फार्मवर थोडी अडचण होते, पण मक्याच्या पिठाचा घट्ट पाप आणि टोमॅटो-कांद्याचा रस्सा बहुतेक ठिकाणी मिळतो. ऑगस्टच्या उत्तरार्धात परत येताना ओकाहांजाला थांबता आलं तर थांबा. १९२३ साली परदेशात वारलेला, पण मायभूमीत आणून पुरलेला हेरेरोंचा प्रमुख सॅम्युएल माहारेरो याच्या स्मरणार्थ तिथं मेळा भरतो. बाया घेरदार लांब झगे आणि गाईच्या शिंगांसारखे दोन बाजूंना पसरलेले फेटे घालून येतात, पुरुष जुन्या फौजी पोशाखात कवायत करतात.

आणि सूर्य बुडल्यावर गाडी चालवू नका. भाड्याच्या गाड्यांच्या करारातही बहुधा तसं लिहिलेलं असतं. दिव्यांच्या झोताला बुजून अडीचशे किलोचा कुडू कुंपणावरून थेट काचेवर उडी घेतो.