कानाचा पडदा आणि एस.टी.चे तिकीट

गेल्या पंधरवड्यात एक बाई कान वाहतो म्हणून आल्या. जुना केसपेपर काढला, तर दीड महिन्यापूर्वी मीच त्यांना तपासलेले. तेव्हा 'पाय घसरून पडले' असे कारण सांगितले होते. पडल्याने गालावर बोटांचे वळ उठत नाहीत, हे काय मला कळत नव्हते? डाव्या कानाच्या पडद्याला छिद्र होते. मारामुळे पडलेले असे छिद्र बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरून येते. मात्र कानात पाणी जाऊ द्यायचे नाही, तेल घालायचे नाही आणि पुन्हा दाखवायला यायचे. दहा दिवसांनी या, असे लिहून दिले होते. त्या आल्या नाहीत. सासूबाईंनी कोमट तेल सोडले आणि कान पिकला.

"तेव्हाच का आला नाहीत?" मी जरा चिडूनच विचारले.

"एस.टी.ला पैसे कुणाकडं मागू, डॉक्टर? ज्यानं मारलं त्याच्याकडं?"

आम्ही डॉक्टर मंडळी औषधे परवडतील का ते विचारतो, येण्याजाण्याचे विचारत नाही. ही चूक माझीही आहे.

वाचकहो, या बाबतीत कायदा आपल्या समजुतीपेक्षा पुढे आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याखालच्या नियमांत संरक्षण अधिकाऱ्याची कर्तव्ये दिली आहेत. पीडित स्त्रीला व तिच्या मुलांना वैद्यकीय मदत मिळवून देणे, त्यासाठी दवाखान्यापर्यंत वाहनाची सोय करणे, तसेच निवारागृहापर्यंत जाण्यासाठी साहाय्य करणे, हे त्यांत स्पष्ट आहे. म्हणजे ही सोय मागणे ही भीक नव्हे. हे अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात. पत्ता माहीत नसेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर विचारावा. जिवावर बेतले असेल तर ११२, आणि जखम मोठी असेल तर १०८ ची रुग्णवाहिका, जी मोफत आहे. २०१५ पासून 'सखी' वन स्टॉप सेंटरही सुरू झाली आहेत. तेथे उपचार, पोलीस, वकील आणि तात्पुरता आसरा यांसाठी चार ठिकाणी हेलपाटे घालावे लागत नाहीत. तक्रार नोंदवली नाही म्हणून दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

कोर्टाच्या तारखांचा प्रवास हा तर मोठाच खर्च. पण या कायद्याखाली अर्ज सासरच्याच गावी करावा लागतो असे नाही. बाई तात्पुरती जेथे राहते, उदा. माहेरी, तेथील न्यायालयातही तो करता येतो. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हिंसाचारामुळे झालेला खर्च नवऱ्याकडून मागता येतो. कायद्यात औषधोपचाराचा खर्च नावानिशी आहे, पण यादी तेवढ्यावर संपत नाही. दवाखान्याच्या फेऱ्यांचे भाडेही मागावे. म्हणून तिकिटे जपून ठेवावीत. आता खरी अडचण पाहा: तेच तिकीट नवऱ्याच्या हाती लागले तर पुन्हा मार! तेव्हा ती घरात ठेवू नयेत. आईकडे, विश्वासू शेजारणीकडे किंवा दवाखान्यात केसपेपरबरोबर ठेवावीत.

१७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे झाले, त्याचा मोठा आधार आहे. तरी निम्म्या तिकिटालाही हातात रोकड लागतेच. ब्रिटनमध्ये २०२० साली रेल्वे कंपन्यांनी निवारागृहाकडे निघालेल्या अशा स्त्रियांना व मुलांना मोफत तिकीट देण्याची योजना देशभर केली. आपल्याकडे असे काही होईल तेव्हा होवो. तोवर बचत गटांनी दोनशे-तीनशे रुपये या कामासाठी बाजूला ठेवले, आणि कुणाला दिले याची वाच्यता केली नाही, तरी पुष्कळ होईल.

त्या बाईंचा कान आता कोरडा आहे. छिद्र मात्र अजून आहे, कदाचित शस्त्रक्रिया लागेल. त्यांची चार तिकिटे आमच्याकडे केसपेपरला टाचलेली आहेत आणि पुढच्या फेरीचे पैसे त्यांची वहिनी देणार आहे.