दोन राज्ये, दोन खतावण्या

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या शाखेचे एक ज्येष्ठ ग्राहक, निवृत्त शिक्षक, परदेशी पैसे पाठविण्याचा अर्ज मागण्यास आले. त्यांची कन्या न्यू जर्सीत राहते आणि स्वतंत्र सल्लागार म्हणून आठवड्याचे चार दिवस न्यूयॉर्कला जाऊन काम करते. न्यू जर्सीच्या करखात्याने तिच्याकडे ५,८०० डॉलर व त्यावरील व्याजाची मागणी केली होती. मुदत ठेव मोडण्याची त्यांची तयारी होती. “कर तर तिने भरलाय हो, मग पुन्हा कशाला?” एवढाच त्यांचा प्रश्न होता.

परदेशातील करांविषयी सल्ला देणे हे बँकेचे काम नव्हे. तरीही वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला कागद पाहिल्याशिवाय राहवत नाही!

अमेरिकेत केंद्राखेरीज बहुतेक राज्येही आयकर घेतात. टेक्सास, फ्लोरिडा यांसारखी राज्ये अपवाद. ज्याचा कर पगारातून कापला जात नाही, त्याने तो अंदाजाने, आपल्याकडील आगाऊ कराप्रमाणे, चार हप्त्यांत भरावयाचा असतो: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढील वर्षीची १५ जानेवारी. (यांना तिमाही हप्ते का म्हणावे, हे ही अंतरे मोजणाऱ्यास उमगत नाही.)

कन्येने न्यूयॉर्कला ६,८०० आणि न्यू जर्सीला १,६०० डॉलर वेळेवर भरले होते. चूक झाली ती विवरणपत्रात. न्यू जर्सीच्या विवरणपत्रात तिने दोन्हींची बेरीज, ८,४०० डॉलर, ‘भरलेले हप्ते’ म्हणून दाखविली. तेथील कर होता ७,४०० आणि त्या राज्याच्या दप्तरी जमा होते केवळ १,६००. एका राज्याच्या तिजोरीतील रक्कम दुसऱ्या राज्याच्या खतावणीत कशी सापडावी?

निवासी राज्य परराज्यातील कराचे क्रेडिट देते, पण ते वेगळ्या तक्त्यात मागावे लागते, आणि ते भरलेल्या हप्त्यांवर नव्हे तर प्रत्यक्ष ठरलेल्या करावर मिळते. न्यूयॉर्कचा कर ठरला ६,४०० डॉलर. त्यातही मर्यादा आहे. तिचे ८० टक्के उत्पन्न न्यूयॉर्कचे, म्हणून क्रेडिट ७,४०० च्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ५,९२०. उरलेल्या १,४८० साठी १,६०० आधीच भरलेले होते. न्यूयॉर्कला जादा गेलेले ४०० डॉलर मात्र न्यूयॉर्ककडूनच परत मागावयाचे.

केंद्रीय विवरणपत्राचा न्याय निराळा. तेथे वजावटी तपशीलवार मागणाऱ्यास सर्व राज्यांना भरलेल्या रकमा एकत्र दाखविता येतात, पण भरणा ज्या वर्षी केला त्या वर्षी. १५ जानेवारी २०२६ चा हप्ता राज्याच्या हिशेबात २०२५ चा, केंद्राच्या वजावटीत २०२६ चा. या वजावटीस २०१८ पासून १०,००० डॉलरची मर्यादा होती. २०२५ साठी ती ४०,००० करण्यात आली असून अतिउच्च उत्पन्नास ती कमी होते. म्हणून प्रत्येक पावतीवर राज्य, करवर्ष आणि भरण्याची तारीख या तिन्ही गोष्टी टिपून ठेवाव्यात.

कन्येने तेथील करसल्लागाराकरवी सुधारित विवरणपत्र दाखल केले. गुरुजींनी कोरा अर्ज परत केला. ठेव मोडावी लागली नाही.