पुढची तारीख कोण देणार?

जिल्हा रुग्णालयात तीन महिन्यांसाठी पाठवलेल्या निवासी डॉक्टरांना राहायला धड खोली नाही, ही ओरड नवी नाही, खोटीही नाही. पण खोलीच्या वादात मूळ प्रश्न मागे पडतो. हे डॉक्टर तिथे जातात ते मनुष्यबळ अपुरं म्हणून, की शिकायला?

नियम सप्टेंबर २०२० चा. एमडी-एमएसच्या तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात हे तीन महिने भरल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. परीक्षेची अट म्हटली की सहीपुरती हजेरी आलीच. तरीही मी या नियमाच्या बाजूने आहे. कारण बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत भरलेलं आरोग्य शिबिर.

बाकांवर चादरी, खोक्यात गोळ्या, दाराशी केसपेपरची रांग. एका बाईंचं बीपी वाढलेलं निघालं. याच तीन महिन्यांसाठी आलेल्या तरुण डॉक्टरने त्यांना बसवून पुन्हा मोजलं, महिन्याच्या गोळ्या दिल्या. "मावशी, खंड पाडायचा नाही. संपल्या की या." बाई गोळ्या पदराला बांधत म्हणाल्या, "दिवाळी झाली की आम्ही तोडीला जातो, डॉक्टर. माघारी यायला पाडवा उजाडतो."

डॉक्टरचं पेन थांबलं. बीपीची गोळी सोडली तर लगेच काही दुखत नाही, म्हणून तर ती सुटते. झटका येतो तेव्हा माणूस घरापासून दूर, उसाच्या फडात असतो.

डॉक्टर त्या दिवशी शिकला. बाईंच्या पदरी मात्र तीस गोळ्या. संध्याकाळी बॅनर उतरतो, 'शेकडो रुग्णांनी लाभ घेतला' अशी बातमी येते. आम्हीच छापतो.

शिबिर याहून वेगळंही असू शकतं. सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय काढलं. तिथे नव्या तुकडीचं शिबिर गावातच मुक्कामाला असतं, कुटुंबं वाटून दिली जातात आणि विद्यार्थी पुढेही त्याच गावात जात राहतात. तिथल्या आरोग्य विम्याचा हप्ता गावकरी सुगीला ज्वारीच्या रूपात भरत. मला यातली ज्वारी फार महत्त्वाची वाटते. हप्ता भरलेला माणूस हात जोडून येत नाही, हक्काने येतो. 'मागच्या वेळचे डॉक्टर कुठे गेले?' असं विचारायची त्याची हिंमत असते.

जिल्हा रुग्णालयातले तीन महिने म्हणजे गोळ्यांच्या तीन फेऱ्या. एकाच डॉक्टरने एकाच रुग्णाला तीनदा पाहावं, एवढा वेळ त्यात नक्की आहे. मग पहिल्यांदा किती आले हे मोजण्याऐवजी तिसऱ्यांदा किती आले ते मोजा. परीक्षेची सही त्यावर द्या.

बीडच्या शिबिरातल्या त्या डॉक्टरने बाईंना शेवटी विचारलं, "कुठल्या कारखान्याला जाता?"

"मुकादम नेईल तिकडं."

केसपेपरवर मुकादमासाठी रकाना नव्हता. त्याने नाव आणि फोन नंबर समासात लिहून घेतला.